भित्री आत्या

आमच्या घरातून गाडी बाहेरगावी निघायची म्हटलं की आत्या पदर खोचून अंगणात वाकलेली दिसायची. चारही टायरांवरून हात फिरवायची, कुठे चीर किंवा खिळा आहे का बघायची, मग डिकीतलं सगळं सामान खाली उतरवायला लावून स्टेपनीत हवा आहे का ते दाबून पाहायची. तोवर माझा मोठा भाऊ, दादा, स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसलेला. "आपण देवाला नमस्कार करून निघतो आणि आत्या टायरला," असं तो म्हणायचा आणि सगळे हसायचे. मला तेव्हाही हसू येत नसे.

घरात तिला सगळे 'भित्री' म्हणत, आणि त्याचाच मला अजून संताप येतो. ही बाई देवळाली कॅम्पातल्या शाळेत गणित शिकवायची, रोज स्वतःची गाडी चालवत जायची, साठी उलटल्यावरही सुरगाण्याच्या घाटातून एकटी जाऊन यायची. भित्री ती, आणि बेल्टने साडी चुरगळते म्हणून तो पाठीमागून अडकवणारे आम्ही मोठे शूर.

येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, हिच्या आयुष्यात नक्की काहीतरी घडलं असणार. कोणीतरी अपघातात गेलं असणार, त्याशिवाय बाई एवढी मागे लागते का? पाहुणे हळूच विचारायचेसुद्धा. तसं काहीही घडलेलं नव्हतं. आत्याला पुढचा विचार करता येत होता, एवढंच. शहाण्यासारखं वागायला आधी घरातलं कुणीतरी मरावं लागतं, ही कुठली रीत?

दादाने नवी मोठी गाडी घेतली, तेव्हाची गोष्ट. दसऱ्याला तिची पूजा झाली, चाकांखाली लिंबं चिरडली, झेंडूचा जाडजूड हार समोरच्या काचेवर आडवा बांधला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सापुताऱ्याला निघालो तरी तो वाळका हार तिथेच. आत्याने तो सोडला आणि तुळशीपाशी नेऊन ठेवला.

"आत्या, देवाचा हार आहे तो," वहिनी म्हणाली.

"देवाला दिसतं गं सगळं. चालवणाऱ्याला दिसायला नको?"

मग तिने बेल्ट पाहिले. प्रत्येक खोबणीत नुसतीच एक क्लिप खोचलेली. बेल्ट न लावताही गाडीचा बीप-बीप बंद राहावा म्हणून बाजारात मिळते ती. जीव वाचवायला गाडी ओरडते, आणि आम्ही बाजारात जाऊन तिचं तोंड बंद करायची वस्तू हौसेने आणतो. आत्याने सगळ्या क्लिपा उपसल्या आणि दारात आलेल्या घंटागाडीत टाकून दिल्या.

दादा भडकलाच. त्यात त्याने आपल्या चार वर्षांच्या मुलाला, चिकूला, कबूल केलं होतं, घाटात छताची काच उघडून तुला बाहेर उभं करीन. चिकू तर आत्ताच सीटवर चढून तयार. आत्या गाडीच्या दारात उभी राहिली.

"हा छतातून डोकं काढणार असेल, तर मी दार लावू देणार नाही."

"आत्या, गाडी माझी आहे."

"गाडी तुझीच आहे रे. नातू माझा आहे."

"सगळे करतात. काही होत नाही."

आत्या दारातून हलली नाही. चिकू रडला, वहिनीने तोंड फिरवलं. शेवटी छत बंद झालं आणि चिकू मागच्या सीटवर, आत्याने आणलेल्या छोट्या खुर्चीत, पट्ट्यांनी बांधला गेला. आम्हीही मग बेल्ट लावले.

वणीच्या पुढे घाटात एका वळणावर गाय आडवी आली. दादाने करकचून ब्रेक मारला. आम्ही सगळे बेल्टमध्ये आवळलो आणि जागच्या जागी राहिलो. छतात उभा असता तर चिकू कुठे जाऊन पडला असता, ते मला दिसलं. आत्या त्याच्या छातीवर हात ठेवून बसली होती. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "बघितलंत आत्या? काही झालं नाही. उगाच घाबरवता तुम्ही."

सापुताऱ्याला पोचल्यावर दादा हाच प्रसंग स्वतःच्या ड्रायव्हिंगचं कौतुक म्हणून सांगत होता. आत्याने भजी खात सगळं ऐकून घेतलं आणि परत निघताना पुन्हा टायर पाहिले.

गेल्या हिवाळ्यात आत्या न्यूमोनियाने गेली. भेटायला येणारे चहा पीत म्हणायचे, "फार जीव लावायच्या, पण भित्र्या होत्या हो." आणि हसायचे. तिच्यामुळे धडधाकट राहिलेला चिकू तिथेच समोर खेळत होता. मी उठून आत जायचे, नाहीतर माझं तोंड सुटलं असतं.

परवा घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. मागून येणाऱ्या दादाच्या मित्राने आपल्या गाडीतून काढलेला, वहिनीने लगेच पुढे पाठवलेला. सापुताऱ्याचा घाट, पुढे दादाची गाडी, आणि छतातून कमरेपर्यंत बाहेर आलेला, हात पसरलेला चिकू. खाली नातेवाइकांचे लाल बदाम. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वहिनीला फोन लावला.

"वहिनी, चिकूला आधी खाली घे."

"अगं, हळूच चाललोय आम्ही."

पलीकडून दादाचा आवाज आला, "ही अगदी आत्यासारखी बोलायला लागली." त्याला टोमणा मारायचा होता.

"हो, तिच्यासारखीच बोलतेय," मी म्हटलं. "त्याला खाली घ्या, मग मी फोन ठेवते."

मी फोन कानाला लावून उभी राहिले. बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. मग काच सरकली आणि वारा थांबला.