पारोळ्याचा राहिलेला फोटो

रेवतीचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले असतील. मी जळगावला मेहरूणच्या घरी धुऊन वाळवलेली पांढरी चादर घडी करून पिशवीत ठेवत होतो. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मधुभाऊंबरोबर पारोळ्याला जायचं होतं. "काका, पप्पा गेले," ती म्हणाली. मी म्हणालो, "आज कसे गेले? अगं, पारोळ्याला उद्या जायचंय." मीच पुढे बोलत राहिलो, की काल संध्याकाळीच आमचं ठरलंय, अकराला बसस्टँडवर भेटायचंय, त्यांनी फिल्मचा रोलही आणून ठेवलाय... मग पलीकडून तिचं रडणं ऐकू आलं आणि 'गेले' या शब्दाचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. शिरला म्हणजे काय, नुसता ऐकू आला. एकसष्ट वर्षांचा माणूस, रोज सायकल चालवणारा, चहाचा कप खाली ठेवतो आणि बसल्या जागी कलंडतो... दवाखान्यापर्यंतसुद्धा पोहोचत नाही. त्याला महिना होऊन गेला, पण मला ते अजून पटलेलं नाही.

मधुकर बैसाणे हे नाव धुळ्याबाहेर फार कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. धुळ्यात त्यांचा छोटा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्नं, बारशी, यावर घर चालायचं. पण त्यांचं खरं काम वेगळं होतं. खान्देशातले वाजवणारे आणि गाणारे, म्हणजे बँडवाले, ढोलकीवाले, शाहीर, भजनी, तमाशातल्या थकलेल्या बाया, यांचे चेहरे ते काळ्या-पांढऱ्या फिल्मवर टिपत. आमची ओळख वीस वर्षांपूर्वी माझ्या एका सहकाऱ्याच्या लग्नात झाली. नवरा-नवरी स्टेजवर ताटकळत होती आणि फोटोग्राफर गायब. मी शोधायला गेलो, तर हे मंडपाच्या मागे. बँडमधला एक म्हातारा क्लॅरनेटवाला टोपी काढून घाम पुसत होता आणि हे त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलेले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मास्तर आहात ना तुम्ही? ती टेबलावरची चादर घ्या अन् इकडून धरा. उजेड पडू द्या त्यांच्या तोंडावर." मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस, पण त्या दिवसापासून मधुभाऊंचा चादर धरणारा झालो. पुढे चादरही माझीच झाली.

त्यांची एक रीत होती. कुणी वाजवत असताना, गात असताना ते कॅमेऱ्याला हात लावत नसत. नुसते ऐकायचे. गाणं संपलं की गाणारा एक श्वास घेतो आणि क्षणभर त्याला आपण कुठे आहोत याचं भान नसतं... तेवढ्यात ते बटण दाबत. एकदाच. पाचोऱ्याला चंद्राबाई नावाच्या एका जुन्या तमासगीर बाईंकडे गेलो होतो. पावडर-कुंकू केल्याशिवाय त्या समोर बसायला तयार नव्हत्या. "असं उघडं तोंड कुणी पाह्यलं नाही माझं," त्या म्हणाल्या. तेव्हा मधुभाऊ अहिराणीवर आले. "रंग लायेल तोंड तर बठ्ठा गावनी देखेल शे, अक्का. आते तुम्हनं देखू द्या." रंगवलेलं तोंड सगळ्या गावाने पाहिलंय, आता तुमचं स्वतःचं पाहू द्या, हे ऐकून बाई आधी हसल्या, मग एकाएकी गंभीर झाल्या आणि त्यांनी गायला सुरुवात केली. तो फोटो मी कितीतरी वेळा पाहिलाय. त्यात एक बाई आहे, फक्त बाई.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती माझ्या चुकीची आहे. जळगावला आम्ही त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं होतं. फोटोंखालच्या ओळी लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी आपला सगळा व्यासंग पणाला लावून लिहिलं, 'उदास सूर', 'थकलेली पावलं', 'मावळतीचा राग', असलं काहीबाही. उद्घाटनाला पाहुणे जमले. ते चहा घेत असताना मधुभाऊ भिंतीजवळ गेले, एकेक ओळ वाचली आणि शांतपणे फोटो उतरवायला लागले. मी धावत गेलो. ते आवाज न चढवता म्हणाले, "मास्तर, यांना आईबापांनी नावं ठेवली नव्हती का?" पाहुण्यांच्या पायांशी, फरशीवर बसून, ते सांगतील तशी मी छत्तीस नावं लिहिली. नाव आणि गाव. एकेक चिठ्ठी लिहून झाली की ते तो फोटो पुन्हा टांगायचे. नंतर या विषयावर ते एकदाही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून मी फोटो निघण्याआधी माणसाचं पूर्ण नाव विचारून वहीत लिहायला लागलो.

अंत्यसंस्कार त्याच दिवशी संध्याकाळी झाले. बुद्धवंदना चालू होती, पांढऱ्या कपड्यांतली माणसं रांगेने पुढे सरकत होती आणि मी सगळं पाहूनही काही पाहत नव्हतो. रात्री धुळ्यालाच राहिलो. सकाळी हातात होती ती चादरीची पिशवी तशीच बरोबर आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे सुन्न बसलेले असताना कोनाड्यात ठेवलेला मधुभाऊंचा फोन वाजला. कुणी उचलेना, म्हणून मी उचलला.

"भाऊ, कोठे पोहचनात? मी सकायपाइन तयार व्हईसन बशेल शे."

पारोळ्याचे नथूबाबा. ऐंशीच्या पुढचे ढोलकीवाले. बुधवार होता... आणि त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. कसाबसा म्हणालो, "येतोय बाबा." फोन ठेवला आणि मग कळलं आपण काय बोलून बसलो. मी मधुभाऊंच्या पत्नीकडे, कुसुमवहिनींकडे पाहिलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "जा," त्या रेवतीला म्हणाल्या. "म्हातारा माणूस वाट पाहतोय. कॅमेरा ने." रेवती पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लहानपणी वडिलांकडून थोडंफार शिकली होती, तेवढंच. ती उठली, तोंड धुतलं आणि कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली.

नथूबाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. ताजी दाढी, कोरं धोतर, डोक्याला फेटा, मांडीवर ढोलकी. आमच्या मागे दाराकडे पाहत त्यांनी विचारलं, "भाऊ कोठे शे?" रेवती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने सांगितलं. एका वाक्यात. बाबांनी फेटा काढून खाली ठेवला. "आते माले फोटो नको," ते म्हणाले. आम्ही मान डोलावली. मी पिशवी उचलली. तेवढ्यात ते स्वतःशीच बोलल्यासारखे पुटपुटले, "भाऊनी सांगेल व्हतं... आधी वाजाडजो, मंग फोटो." आणि त्यांनी ढोलकीवर थाप मारली.

ते किती वेळ वाजवत होते, सांगता येणार नाही. मी खिडकीतला उजेड त्यांच्या तोंडावर पडेल अशी चादर धरून उभा होतो. थाप थांबली. रेवतीने बटण दाबलं. एकदाच.

जलदान विधी होऊन गेल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा धुळ्याला गेलो. घराच्या मागे, न्हाणीघराला लागून मधुभाऊंची डार्करूम आहे. आठ बाय सहाची खोली, खिडकीला काळा कागद, एक लाल दिवा. तिथे जायचं तर दार दोनदा वाजवायचं आणि आतून "हां, या" ऐकू येईपर्यंत थांबायचं, असा घरातला शिरस्ता होता. त्या दिवशी आत रेवती होती. तिने बोलावल्यावर गेलो. दोरीला चिमट्याने नथूबाबांचा फोटो लावला होता, अजून ओला. डोक्याला फेटा नाही, ओठ किंचित उघडे, जणू काही विचारायचंय आणि कुणाला विचारावं ते कळत नाही. आणखी एक प्रत काढून ती बाबांना नेऊन देणार होती.

जेवून निघताना चष्मा डार्करूममध्येच राहिल्याचं लक्षात आलं. रेवती कामावर गेली होती. वहिनी म्हणाल्या, "जा ना, आत कुणी नाहीये." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मी झाडायला जाते ना, तेव्हा पण वाजवते. तसंच आत जाववत नाही."

मी मागे गेलो. दार दोनदा वाजवलं. आणि उभा राहिलो.