टाइस्तोचा चौथा ठोकळा

टाइस्तो कोर्पेला एक नंबरचा हट्टी माणूस. फिनलंडातल्या आमच्या कायानी गावच्या बांधकामावर काँक्रीटचे ठोकळे सांभाळायचा. स्लॅब ओतला की त्याच मालाचे चार ठोकळे पाडायचा आणि स्लॅबशेजारी उघड्यावर ठेवायचा. आठवड्याने त्यातले तीन यंत्रात दाबून फोडायचा, चौथा राखून ठेवायचा. ठोकळे किती भार सोसतात ते बघूनच स्लॅबखालचे टेकू निघत.

मी तिथल्या खानावळीची स्वयंपाकीण. त्याला चिडवायची, "आत आण की लेकरांना! गारठून मरतील."

"हिल्का, स्लॅबला जी थंडी तीच यांना. लाड केले तर खोटं बोलतील."

त्या फेब्रुवारीत एका मंगळवारी स्लॅब ओतून, ठोकळे पाडून तो तापाने घरी पडला आणि बुधवारी हिमवादळ आलं. बर्फ उपसणाऱ्या यंत्राखाली ठोकळे चिरडतील म्हणून मीच ते उचलून चुलीमागे ठेवले. गुरुवारी वाटाण्याचं सूप दिवसभर रटरटत होतं. ऊब काय, वाफ काय, ठोकळ्यांची नुसती चैन! सोमवारी गुपचूप जागेवर नेऊन ठेवले. खरं सांगू? मला त्याची बोलणी खायची नव्हती.

मंगळवारी टाइस्तो कामावर आला. ठोकळ्यांचा आकडा झकास निघाला. त्याने सही केली, सुतार टेकू काढायला गेले. थंडीने कच्चाच राहिलेला स्लॅब त्यांच्यातल्या वेइक्कोच्या अंगावर कोसळला. सव्वीस वर्षांचा पोरगा, रोज सूप दोनदा मागून घ्यायचा.

चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "ठोकळे होते कुठे?"

टाइस्तोच बोलला, "बाहेरच होते. मी तापात आकडा चुकीचा वाचला."

मला वाटलं, बिचाऱ्याला खरंच तसं वाटतंय. आणि मी, चांडाळीण, गप्प बसले. त्याची नोकरी गेली. लाकडाच्या वखारीत भुसा झाडत राहिला. वेइक्कोची आई त्याला बघून रस्ता बदलायची. अठरा वर्षं दर गुरुवारी तो माझ्याकडे सूप प्यायला यायचा, आणि दर गुरुवारी सांगायचं म्हणून मी तोंड उघडायची आणि "आणखी वाढू का?" एवढंच विचारायची.

गेल्या महिन्यात तो गेला. त्याच्या बहिणीने घर आवरायला मला बोलावलं. कपाटात, जुन्या सदऱ्यात गुंडाळलेला तो चौथा ठोकळा सापडला. उलटा करून पाहिला. तळाला सूप सांडून वाळलेलं, त्यात वाटाण्याची हिरवी सालं चिकटलेली.

त्याला सगळं ठाऊक होतं. अरे, एकदा तरी मला शिव्या द्यायच्या होत्यास रे!