कुंकू आम्ही वाहिलं, बंदी मुलांवर

मंडळी, आज मी शाळेचा कॉम्प्युटर नववीच्या मुलींना उघडून बघायला दिला. दसऱ्याला आम्ही शिक्षकांनी त्याची पूजा केली, तेव्हापासून तो बंद होता. चालू केला की नुसता शिटी मारायचा. "पोरांनीच बिघडवला," म्हणत हेडमास्तर नानांनी मुलांना कॉम्प्युटरच्या खोलीत बंदी केली होती.

घरचा फवारणीपंप स्वतः दुरुस्त करणाऱ्या सुनीतानं कीबोर्ड उलटा करून झटकला. टेबलावर लाल भुकटी पडली.

"सर, यंत्र बिघडेल नही शे. बटनंमा कुंकू भरेल शे!" ती अहिराणीत म्हणाली. म्हणजे यंत्र बिघडलेलंच नव्हतं, बटणांत कुंकू भरलं होतं.

मुलींनी जुन्या टूथब्रशनं एकेक बटण साफ केलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला.

तेवढ्यात नाना दारात. "कोणी हात लावला?"

"मुलींनी. कुंकू आपण वाहिलं होतं, नाना."

"उद्या पुन्हा बंद पडला तर?"

"तर त्याच उघडून बघतील."

"मग जबाबदारी लेखी द्या."

दिली. खाली सहीही केली आणि खोलीची किल्ली सुनीताच्या हातात ठेवली.

नाना अजून रागात आहेत. असू देत. किल्ली मी परत मागणार नाही.

तुमच्या शाळेत ती कोणाच्या खिशात असते?