कांताबाईची पहाट

आमच्या वस्तीत बायकांचा म्हणून एकच वखत होता, पहाटेचा. अंधारातच एकमेकींच्या दारात हाक मारायची, टमरेल घ्यायचं अन् ओढ्याच्या अंगाला परसाकडं जायचं. दिवसभर लोकांच्या वावरात मान खाली घालून राबायचं. इथं मात्र सासूचा उद्धार करा न्हाईतर नवऱ्याचा, अडवायला कोणी न्हाई. धुक्यात ज्वारी उभी असायची. बाया दिसायच्या न्हाईत, निसते आवाज चालत जायचे. त्यात सगळ्यांचा लाडका आवाज कांताचा. रातची सपनं ती अशी सांगायची, की ओढा कधी आला ते कळायचंच न्हाई.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन सालं झाल्ती, तवा कांता एकटीच जायला लागली. आमच्या आधी उठायची अन् लांब बाभळींकडं जायची. मी नंदा, तिची शेजारीण, तोंडाची फटकळ. म्हणलं, आम्ही काय घोडं मारलं हिचं? एक दिवस भांडायलाच मागं गेले. बघते तर ही पायानं माती लोटून राह्यली होती. मातीखाली रक्त.

"उष्णता हाय," ती म्हणली. दुष्काळी कामावर तापल्या खडीवर बसून दगड फोडले, तिथंच अंगात शिरली म्हणं. आम्ही सगळ्या तसंच समजायचो. वर्षभर ती सब्जा पीत होती, मूळव्याधीचा पाला वाटून घेत होती, पण नवऱ्याला अक्षर बोलली न्हाई. का, तर लाज. आग लागो त्या लाजेला. मी तशीच तिच्या घरी गेले अन् तिच्या नवऱ्याला, तातेरावाला, सगळं सांगून मोकळी झाले.

वडीगोद्रीहून यष्टी धरून आम्ही तिघं औरंगाबादला, घाटीच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं रबरी मोजा घालून बोटानं आतून तपासलं. कांतानं तोंडावर पदर ओढला अन् माझा हात असा दाबला की बांगडी फुटली. बोटाला गाठ लागली. तिचा बारीक तुकडा तपासायला धाडला, अन् निघाला कॅन्सर, मोठ्या आतड्याच्या पार शेवटाला.

ऑपरेशन करून खालची वाट गाठीसकट काढून टाकली, शिवून बंद केली, अन् आतड्याचं तोंड पोटावर डाव्या अंगाला आणून बसवलं. शुद्धीवर येता येता कांता हसून राह्यली होती. "नंदे, मी तुमच्यासंगं चालले होते," म्हणली. "ज्वारी डोक्याच्या वर गेल्ती, अन् पाय भुईला लागतच नव्हते." मला रडू फुटलं.

डॉक्टरनं तातेरावाला अन् मला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. गाठ निघाली, पण शेजारच्या एका गिल्टीत, म्हंजी बारक्या गाठीत, रोग सापडला, तो परत उपटू शकतो. पाच वर्षं बराबर निभावली तर मंग फारसं भेव न्हाई; पण निम्म्याहून कमीच माणसं तिथवर पोचतात. तपासणीला येत राहा, म्हणले. मी ते कांताला जसंच्या तसं सांगितलं.

नर्सबाईनं कांताला शिकवून धाडलं. रोज पहाटे नळीनं त्या तोंडातून कोमट पाणी सोडायचं, पोट मोकळं करायचं, मंग धुतल्या फडक्याची घडी ठेवून पट्टा बांधायचा. सगळं घरातल्या घरात. कांताला परसाकडं यायचं कामच उरलं न्हाई.

"मरण येईल तवा येईल," ती मला म्हणायची. "पण तुमचे आवाज दारावरनं जातात अन् मला कोणी हाक मारत न्हाई, ते सोसवत न्हाई." मी बायांशी भांडले. पण मालनबाई, आमच्यातली सगळ्यात वडीलधारी, म्हणली, तो रोग लागतो, तिला बिलकुल बोलवायचं न्हाई. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मंग एका पहाटे कांता आपणहूनच आली, रिकाम्या हातानं. सगळं धुकं गप्पगार. आम्ही परत ओढ्याशी जमलो तवर फटफटलं होतं. खडकावर बसलेल्या कांतानं पट्टा सोडला अन् फडकं बाजूला केलं.

"बघून घ्या एकदाचं," म्हणली. "लागत असता तर घरधन्याला लागला असता, आम्ही एका ताटात जेवतो. मला किती दिवस हायेत ठाव न्हाई. जे हायेत ते तुमच्यात काढायचेत."

लाल, ओलं, पिकल्या टमाट्यावाणी होतं ते. मालनबाई पुढं आली. मला वाटलं, आता ही थुंकती का काय. पण तिनं वाकून बघितलं.

"दुखतं का गं?"

"न्हाई."

मालनबाई तिच्या शेजारी खडकावर बसली. "माझं बी रक्त जातंय," म्हणली. "दिवाळीपास्नं."

तवा मला उमगलं, बाईला कांता का डोळ्यासमोर नको होती. कांतानं पट्टा बांधला अन् तिच्या मांडीवर हात ठेवला. "कशाचं हाय ते बघितल्याबिगर कळत न्हाई. आजच्या यष्टीनं जल्दी जाऊ, मी येते संगं. त्या डॉक्टरचं बोट लई थंडगार असतं, आधीच सांगून ठेवते."

मालनबाई हसली अन् हसता हसता हुंदके द्यायला लागली. ऊन वर आलं. रस्त्यानं गडीमाणसं, बैलगाड्या जायला लागल्या. एरवी आम्ही पदर सावरून कधीच घर गाठलं असतं. त्या दिवशी एक बी उठली न्हाई, मालनबाईचं रडणं सरेपर्यंत.