वरातीच्या गाडीचं वायरिंग

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बीडच्या बसस्टँडमागं एक पोरगा गाड्यांचं वायरिंग करायचा. माझ्या जुन्या मोटारीच्या सगळ्या कडक झालेल्या वायरी त्यानं बदलल्या. वायर दातानं सोलायचा आणि गाडीशी बोलायचा, "थांब की म्हातारे, लई घाई करू नको." काम झाल्यावर दिवे मात्र स्वतः लावायचा नाही. "गाडी तुमची हाय काका, तुमीच लावा," म्हणून लांब उभा राहायचा.

पुतण्याच्या वरातीत मी त्या गाडीवर रोषणाईच्या माळा जोडल्या. फ्यूज उडाला तशी त्याच्या जागी तार पिळून बसवली. वेशीजवळ धूर निघाला आणि नवरदेवाला खाली उतरावं लागलं.

"कुणी केलं बे हे वायरिंग?" थोरला भाऊ ओरडला. मी त्या पोराचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो गाडी बघायला आला. भावासमोरच त्याला ती तार सापडली. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, तार खिशात घातली आणि म्हणाला, "माझंच चुकलं आसंल."

आमच्या गावच्या गाड्या मग त्याच्याकडं गेल्या नाहीत. स्टँडवर भेटला की तो अजूनही विचारायचा, "गाडी बरी हाय का काका?" तार मी घातली होती, मला माफ कर, असं म्हणायचं ठरवून मी तोंड उघडायचो आणि विचारायचो, "चहा घेतो का?"