बाबांच्या एका मताची शाळा

पुण्याहून भोपाळला निघताना बाबांनी स्टेशनवर यायचा हट्ट धरला नाही, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. एरवी मी साताऱ्याला निघाले तरी हा शहाऐंशी वर्षांचा माणूस तासभर आधी चपला घालून तयार असतो. या वेळी दारातच म्हणाले, "शाळा बघून ये. आणि मला बरं वाटावं म्हणून गोड बोलू नकोस. असेल ते सांग."

भोपाळच्या तलावाजवळची ही शाळा इंग्रजांच्या काळातली, साहेबांच्या आणि दरबारी मंडळींच्या मुलांसाठी काढलेली. साहेब गेले, पण प्रवेशपरीक्षा राहिली. शेकड्यांनी मुलं बसायची, मूठभर आत जायची. बाबा तिथे गणित शिकवत. ती तेव्हा फक्त मुलग्यांची शाळा, त्यामुळे मी आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. पुढे संस्थेपुढे दोनच वाटा उरल्या. भरमसाट फी घ्यायची, नाहीतर परीक्षा बंद करून सरकारी अनुदानावर सगळ्यांना दार उघडायचं. शिक्षकांची मतं घेतली तर ती निम्मी-निम्मी पडली, आणि शेवटचं मत राहिलं बाबांचं. त्यांनी दार उघडलं. "कुलकर्णी, तुम्ही शाळा बुडवलीत," असं एक सहकारी सगळ्यांदेखत म्हणाले. नोकरी संपल्यावर बाबा पुण्याला परतले ते हे वाक्य बरोबर घेऊनच. आईशी त्यांनी जितकं भांडण केलं नसेल तितकं त्या वाक्याशी केलं.

रविवारी सकाळी भोपाळला उतरले. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझा मामेभाऊ मिलिंद राहतो. वहिनी इंदूरची, त्यामुळे नाश्त्याला वाफेवरचे पोहे, वर शेव आणि शेजारी जिलबी. पोह्यांवर खोबरं नाही याचं दुःख मी दुसऱ्या जिलबीपर्यंत विसरले. शाळेचा विषय काढला, तर मिलिंद म्हणाला, "ताई, आपल्या लोकांतलं आता तिथे कोणी नाही जात. शायद बंदच झाली असेल." हातातली जिलबी मी बशीत परत ठेवली.

सोमवारी सकाळी रिक्षाने गेले. दगडी कमान दिसली आणि तिच्याखालचं लोखंडी फाटकही. त्याला गंजलेलं कुलूप होतं, पायरीवर गवत उगवलं होतं. मी रिक्षातून एक पाय खाली टाकला. शाळा बुडाली आहे हे बाबांना कुठल्या शब्दांत सांगायचं, याची मी तिथेच जुळवाजुळव सुरू केली. रिक्षावाल्या चाचांनी मागे वळून पाहिलं.

"मॅडम, उतर क्यों रही हैं? ये तो साहब लोगों वाला गेट है. बच्चे पीछे से आते हैं, बस्ती की तरफ़ से."

"म्हणजे शाळा चालू है?" माझ्या हिंदीची त्यांनी दया केली.

"चालू? अरे, कान फट जाएँगे आपके!"

खरोखरच तसं झालं. मागच्या बाजूला आलो तर पोरापोरींचा नुसता बाजार भरला होता. इतका गोंगाट आणि तो मला इतका गोड वाटावा! मी चाचांना दोनदा धन्यवाद म्हटलं.

मुख्याध्यापिका तांबे मॅडम, मूळच्या ग्वाल्हेरच्या. "बसून घ्या ना," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कुर्सी कमी आणि मुलं जास्त." मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी शाळा दाखवली, काही न लपवता. प्रयोगशाळेचं छप्पर गळतं. मेरिटच्या यादीत शाळेचं नाव कित्येक वर्षांत आलेलं नाही. "पण नववीत शाळा सोडणाऱ्या मुली आता बारावीपर्यंत टिकतात," त्या म्हणाल्या. "ते पेपरात नाही छापत कोणी."

तेवढ्यात घंटा झाली आणि सातवीच्या वर्गात एकदम धांदल उडाली. सगळी मुलं दप्तरं उचलून उभी राहिली. प्रत्येकजण एक बाक पुढे सरकला, आणि पहिल्या बाकावरचे हसत हसत सगळ्यात मागे गेले.

"हे काय?"

"हर सोमवारी होतं. सगळ्या वर्गांत."

"पण का?"

"आता बघा," त्या हसल्या, "मी आले तेव्हापासून आहे. मला वाटतं डोळ्यांसाठी असेल. आमचे शिपाई म्हणतात, पंख्यासाठी."

का कोण जाणे, मी तिथल्या तिथे बाबांना फोन लावला आणि पाहिलं ते सांगितलं. 

"अजून करतात?" बाबांचा आवाज चिरकला. "अगं, आमच्याकडे बाकं मार्कांवर ठरायची. हुशार पुढे, बाकीचे मागे. दार उघडलं त्या वर्षी वस्तीतली सगळी पोरं मागच्या बाकांवर गोळा झाली. म्हटलं, मग उघडून उपयोग काय? म्हणून माझ्या वर्गात दर सोमवारी बाकं फिरवायला लागलो. बाकीचे मास्तर हसायचे मला."

मी तांबे मॅडमना सांगितलं. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि मला घेऊन परत त्या वर्गात जाऊन उभ्या राहिल्या.

परतीच्या गाडीत मी हलकी झाले होते. शाळा पूर्वीची राहिली नव्हती, आणि बाबांच्या कल्पनेतली आदर्श शाळाही झाली नव्हती. ती गळक्या छपराखाली दणदणीत चालू होती. मला तेवढं पुष्कळ होतं. बाबांचं काय, ते कळत नव्हतं.

घरी पोचल्यावर ठरल्याप्रमाणे सगळं सांगितलं. छप्पर, मेरिट, मुली, गोंगाट. बाबा गणिताचा पेपर तपासावा तसे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग? बुडवली का मी शाळा?"

"नाही बाबा. मेरिट लिस्टमधून मात्र काढलीत."

बाबा इतके हसले की ठसका लागला.

"तेवढं चालेल," म्हणाले, आणि जेवणानंतर खुर्चीत बसल्या बसल्याच गाढ झोपी गेले.