भाजीवर शिंपडलेलं पाणी

घरात शिरण्याआधी तो एकदा वळून रस्त्याकडे बघायचा. चहा बशीत ओतायचा आणि विसरून जायचा. नवा माणूस भेटला की नावाआधी विचारायचा, "तुमचं गाव कोन्त्या बाजाराले जाते?" बाजारात कुणाच्याही ढिगासमोर उकिडवा बसला की बोलता बोलता कोथिंबिरीचं पान तोडून चघळायचा.

चंपत माझा नागपूरच्या वसतिगृहातला सोबती. मी साहित्य शिकलो. तो अर्थशास्त्रात एम. ए. करत होता. रिसोडजवळच्या मालेगावाबाहेरच्या माळ्याचा मुलगा. प्रबंधासाठी त्यानं आपल्याकडचे आठवडी बाजार घेतले होते: कुठला माल कुठवर जातो, बाजारपट्टी कोण भरतं, ती खर्च कुठे होते. जिथे पट्टी गोळा होते तिथे प्यायच्या पाण्याची विहीर का नाही, हा त्याचा प्रश्न. परीक्षकांना तो रुचणार नाही, असं मी म्हणालो होतो.

"त्याईले एक दिवस उन्हात मुळे विकाले बसव," तो म्हणाला.

उन्हाळ्याच्या सुटीत मी त्याच्या मळ्यावर गेलो. खोपीच्या भिंतीवर त्यानं कोळशानं रेघा ओढल्या होत्या. रिसोडहून मालेगाव, मालेगावहून मेडशी. विकणारे पुष्कळदा तेच असत, फक्त गाव बदलायचं.

दुपारी शेजारचा नथ्थू सांगत आला. रिसोडात पटकीची, उलट्या-जुलाबांची साथ होती, ती आता मालेगावात आली. बाजाराजवळच्या आळीत माणसं दगावली.

चंपत भिंतीकडे बघत राहिला. भाजी टवटवीत दिसावी म्हणून माळणी बाजारभर तिच्यावर पाणी शिंपडत. पाणी जवळच्या नाल्याचं. रिसोडहून आलेल्या गाड्याही त्याच नाल्याकाठी सोडत, माणसं तिथंच हातपाय धूत.

"उद्या मेडशी," तो म्हणाला. मेडशीला त्याची आई जाणार होती.

मग फार हळू आवाजात, "परवाच्या मालेगावच्या बाजारात म्या किती जनींची कोथिंबीर खाल्ली रे?"



त्याची आई प्रयागबाई बांधावर मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"माय, उद्या जाऊ नको."

"अन् हे काय बैलाले चारू?"

"मंग नाल्याचं पानी मारू नको."

"सुकली मेथी कोन घेते? तुहा मास्तर घेईन काय?"

"आपल्या विहिरीचं पानी मी आनतो. पीपभर. त्यातलंच मार."

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "तुले कायचं भेव लागून राह्यलं एवढं?"

त्यानं पीप उचललं आणि विहिरीकडे गेला.

सकाळी मेडशीच्या बाजारात त्यानं पीप गाडीवरच ठेवलं आणि बादलीनं एकेकीला पाणी देत फिरला. पलीकडच्या कस्तुराबाई हसल्या. "काहून रे चंपत, नागपुरात पानी शिंपडाचं शिकवतेत काय?"

"हो मावशी. नापास होऊन राह्यलो होतो, म्हनून सराव."

बाया हसल्या, पण पाणी घेत गेल्या. हातात आयतं मिळत होतं, नाल्यावर कोण जाणार. त्याचा हात दोनदा कोथिंबिरीकडे गेला आणि मागे आला. मी सारखा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो माझ्याकडे बघत नव्हता.

ऊन चढलं तसं पीप संपलं. कस्तुराबाईंनी नाल्यासाठी घागर उचलली.

"थांबा मावशी. रस्त्यावरच्या आमराईत विहीर हाये, आत्ता आलो." तो गाडीवर चढला. मी सोबत निघालो तेव्हा म्हणाला, "तू इथंच राह्य. कोनाले नाल्यावर जाऊ देऊ नको. मायले तं नाहीच."

मी प्रयागबाईंसमोर बसलो. मेथी माना टाकू लागली. कस्तुराबाई थांबल्या, मग कुरकुरत नाल्याकडे निघून गेल्या. प्रयागबाई उठल्या तेव्हा मी त्यांच्या घागरीवर हात ठेवला. त्या परत बसल्या. जुड्यांवर पदर धरला आणि रस्त्याकडे बघत राहिल्या.

गाडी आली नाही. आमराईकडून एक गुराखी पळत आला.

विहिरीच्या काठाशी चंपत पडला होता. डोळे खोल गेले होते. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तुझी माय नाही गेली नाल्यावर." त्याला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. दिवस मावळायच्या आत तो गेला.

प्रयागबाईंची मेथी सुकून तशीच घरी आली.

बैल अजून जुंपलेलेच होते. पीप निम्मंही भरलं नव्हतं. दोर त्याच्या हातून सुटून विहिरीत गेला होता, आणि बादली खाली पाण्यात होती.